कंदिलाची काच घासू नका

घारापुरीला, आमच्या घरातल्या एका खोलीत मी बेटावरच्या जुन्या वस्तू मांडल्यात. असं काही करायचं मनात असेल तर आधी माझी चूक ऐका.

फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल आली, तोवर आमच्याकडे संध्याकाळी काही तासच जनरेटर चाले, पुढे कंदील. आमचा कंदील मी साबणाने लख्ख धुतला. सासूबाई बघतच राहिल्या. काचेच्या एकाच बाजूला काजळी धरलेली होती, कारण पडवीत समुद्राचा वारा नेहमी एकाच दिशेने यायचा. तो वारा मी मोरीत ओतला.

तेव्हापासून वस्तू हातात घेण्याआधी वही उघडते. कुणाची, कोण वापरायचं, कुठे टांगलेली असायची, केव्हा बंद पडली. सांगणाऱ्याचेच शब्द उतरवायचे, शुद्ध करत बसायचं नाही. वस्तू कायमची दिली की बघायला ठेवली, तेही लिहून सही घ्यायची. नाहीतर दोन वर्षांनी नातू येतो आणि भांडण होतं.

मग नंबर. २०२४.१७ म्हणजे त्या वर्षीची सतरावी वस्तू. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहा. शाई पावसाळ्यात पसरते. चिठ्ठी सुती नाडीने बांधा. चिकटपट्टी डाग सोडते आणि स्टेपलरची पिन खाऱ्या हवेत लगेच गंजते.

मासळीच्या पाटीतून पिवळी भुकटी गळायला लागली तर भुंगेरा लागला समजा. पाटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांवर, दोन आठवडे ठेवा. (वीज आली म्हणून हे सुचतं तरी!) बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर दमट हवेचं पाणी पाटीवरच जमतं. फ्रीजरवर मोठ्या अक्षरात ‘सुरमई नाही’ असं लिहा. आमच्याकडे पाटी दोनदा बाहेर निघाली.

आणि आजच विचारायला निघा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो १८६४मध्येच मुंबईला गेला. आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आमच्या पोरांना तो बघायला लाँचचं तिकीट काढावं लागतं.