यंत्रमानवांच्या जुन्या विज्ञानकथा कशा वाचाव्यात

यंत्रमानव आपल्यात वावरू लागतील तेव्हा काय होईल, हे समजून घेण्यासाठी जुन्या विज्ञानकथा वाचायच्या असतील, तर सुरुवात कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकापासून करावी. ‘रोबॉट’ हा शब्द याच नाटकाने जगाला दिला. वेठबिगारी या अर्थाच्या चेक शब्दावरून तो कारेल यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. वाचताना यंत्र किती हुशार आहे यापेक्षा ते कोणाचे काम करते आणि ज्याचे काम गेले तो माणूस पुढे काय करतो, हे शोधावे.

त्यानंतर आयझॅक आसिमॉव्ह यांची १९४२ सालची ‘रनअराउंड’ ही कथा घ्यावी आणि ती मुळीच घाईने वाचू नये. बुध ग्रहावर सेलेनियम हे मूलद्रव्य आणायला पाठवलेला स्पीडी नावाचा यंत्रमानव सेलेनियमच्या धोकादायक तळ्याभोवती नुसता घिरट्या घालत राहतो, कारण सहज दिलेल्या आज्ञेचा जोर आणि त्याच्यात घातलेल्या, स्वतःला जपण्याच्या नियमाची ओढ एका ठरावीक अंतरावर समसमान होतात. कागदावर तळे काढून दोन्ही ओढींचे बाण दाखवावेत. एकेकटा नियम बिनचूक असूनही वर्तन कसे फसते, हे लख्ख दिसते. माझ्या मते यंत्रमानवांच्या कथांमधला हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे.

कथेशेजारी वास्तवही ठेवावे. १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट हा केवळ एक यांत्रिक हात होता. म्हणून आजचे यंत्र पाहताना चेहऱ्याकडे न पाहता, त्याला आज्ञा कोण देतो, दोन आज्ञा भिडल्या तर ते काय करते आणि ते थांबवण्याचे बटण कोणाच्या हाताशी आहे, हे वहीत टिपावे.