धरणाच्या बदल्यात स्टीलहेड: हॅचरी चालवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात क्लिअरवॉटर नदीच्या उत्तर फाट्यावर ड्वोरशॅक धरण आहे. उंची ७१७ फूट, आणि मासे वर चढण्यासाठी शिडी नाही. समुद्रातून आठ धरणं ओलांडून आलेला स्टीलहेड मासा या भिंतीपाशी थांबतो. त्याच्या आज्या-पणज्या जिथे अंडी घालत, तो सगळा प्रदेश भिंतीपलीकडे राहिला. त्या बदल्यात धरणाच्या खालच्या अंगाला १९६९ साली हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र, उभी राहिली.

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. नदीत राहिला तो रेनबो, आणि समुद्रात जाऊन एक ते तीन वर्षांनी पोलादी झळाळी घेऊन परतला तो स्टीलहेड. आपल्याकडे धरणग्रस्तांची गोष्ट ठाऊक नाही असं घर नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन दिली असं कागद सांगतो, पण तिथे पाणी आहे का, माती कशी आहे, हे तिथे राहायला गेलेल्यालाच कळतं. माशांच्या भरपाईचंही अगदी तसंच आहे. हॅचरी बांधली की भरपाई झाली असं धरून चालल्यामुळे कोलंबिया, तिची उपनदी स्नेक आणि इतर नद्यांवर ज्या चुका झाल्या, त्या समजून घेतल्या तर पुढचं बरंच नुकसान टळेल.

किती सोडले, एवढंच मोजणं

स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यात आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनिट ही चार धरणं १९७५ पर्यंत पूर्ण झाली. १९७६ साली त्यांच्या भरपाईची योजना मंजूर झाली. तिची एक गोष्ट मला मनापासून आवडते: लक्ष्य परत येणाऱ्या मोठ्या माशांचं ठेवलं, दरवर्षी ५५,१०० स्टीलहेड. सोडलेल्या पिल्लांचा आकडा कितीही फुगवता येतो, परतलेल्या माशांचा येत नाही.

पण हेही पुरेसं ठरलं नाही. हॅचरीच्या स्टीलहेडनी हे लक्ष्य बऱ्याच वर्षी गाठलं, आणि तरी १९९७ साली स्नेक नदीच्या नैसर्गिक स्टीलहेडला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण द्यावं लागलं. गळ टाकणाऱ्यांना मासे मिळत होते, नदीचं स्वतःचं बीज मात्र आटत होतं.

म्हणून हिशोबाच्या वहीत तीन रकाने हवेत. हॅचरीचे किती परतले, नैसर्गिक किती परतले, आणि अंडी घालण्याच्या जागी पोचलेल्यांत हॅचरीचे किती. तिसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्या दोघांवरून काहीच ठरवू नका. हॅचरीतल्या पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून सोडतात, तो पुन्हा उगवत नाही. मासा हातात आला की पहिली नजर तिथेच जाते: पर आहे, म्हणजे बहुधा नदीत जन्मलेला, पाण्यात परत सोडायचा.

दुसऱ्या नदीची अंडी आणणं

कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळ अमेरिकन नदीवर १९५० च्या दशकात फॉल्सम आणि निंबस ही धरणं झाली. निंबसच्या हॅचरीसाठी किनाऱ्यालगतच्या ईल नदीची अंडी आणली गेली. ती जगली, वाढली, परत येऊ लागली. आज जनुकं तपासली की निंबसचे स्टीलहेड ईल नदीच्या माशांच्या जवळचे निघतात, म्हणूनच अमेरिकन नदी ज्यात येते त्या मध्य खोऱ्यातल्या संरक्षित स्टीलहेडमध्ये त्यांची गणना होत नाही. भरपाई दिली गेली, पण ज्याचं घर गेलं त्याला नाही.

इथे लोणावळा आठवतं. वळवणला टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते. आटत चाललेला मासा तिथल्या लोकांनी कष्टाने टिकवला, ते काम मोठंच आहे. पण तिथला निळसर पराचा महसीर कावेरीतही सोडला गेला आणि तिथे जोमाने पसरला. कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख नक्की व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि लगेच त्याला अतिसंकटग्रस्तांच्या यादीत टाकावं लागलं. चांगल्या हेतूनं सोडलेलं सुदृढ बीजसुद्धा परक्या नदीत असं करू शकतं.

तुमच्या हॅचरीत अशी चूक आधीच झालेली असेल, तर प्रजनक मासे हळूहळू त्याच नदीतून घ्यायला लागा. पण नदीत नैसर्गिक मासे मूठभर उरले असतील तर दरवर्षी त्यांतले किती उचलायचे, याची मर्यादा आधी ठरवा आणि ती पाळा. हॅचरी भरण्यासाठी नदी रिकामी करायची नसते.

वर्षभरात मोठं करण्याची घाई

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक, कारण बाहेरून ती चूक दिसतच नाही. थंड नद्यांमध्ये स्टीलहेडचं पिल्लू समुद्राकडे निघण्याआधी दोन-तीन वर्षं गोड्या पाण्यात काढतं. हॅचरीला तेवढा वेळ परवडत नाही. आयडाहोच्या हॅगरमन खोऱ्यात झऱ्यांचं पाणी बारा महिने साधारण १५ अंश सेल्सिअस असतं. त्या उबदार पाण्यात भरपूर खाद्य दिलं की पिल्लू एका वर्षात वीतभर होतं.

घाईचा पहिला परिणाम प्रजनक निवडताना होतो. वर्षभरात आकार गाठायचा तर अंडी लवकर हवीत, म्हणून लवकर पिकणाऱ्या माद्या निवडल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की सगळा कळप हिवाळ्यातच अंडी घालू लागतो, आणि नदीला त्या वेळी ते सोयीचं नसतं.

दुसरा परिणाम टाकीत दिसतो. तयार पिल्लू हातात घ्या: अंगावरचे काळसर पट्टे पुसट झालेले, बाजू चांदीसारखी, आणि खवले इतके सैल की तळहाताला चिकटून येतात. हे स्मोल्ट, समुद्राला निघालेलं. त्याच टाकीत एखादं ठेंगणं, पट्टे ठळक असलेलं असतं. ते अजून तयार नाही. आणि एखादा गलेलठ्ठ नर असतो, पोट हलकेच दाबलं की पांढरं वीर्य येतं. तो समुद्राकडे फिरकणारही नाही. हे दोघं नदीतच ठाण मांडतात आणि नैसर्गिक पिल्लांच्या जागेवर, खाण्यावर हक्क सांगतात.

यावर वॉशिंग्टन राज्यातल्या मेथाउ नदीवरच्या विन्थ्रॉप हॅचरीनं वेगळी वाट धरली. आधी तिथे कोलंबियावरच्या वेल्स धरणापाशी पकडलेल्या, लवकर पिकणाऱ्या माशांची एका वर्षात वाढवलेली पिल्लं सोडत. नंतर मेथाउचेच मासे घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांनी नदीत गळसुद्धा टाकले. ते मासे वसंतात उशिरा पिकतात, म्हणून पिल्लं दोन वर्षं वाढवायची. दुप्पट टाक्या, दुप्पट खाद्य, दुप्पट काळजी. खर्च वाढतो हे खरंच आहे. तरीही माशाचं वेळापत्रक हॅचरीच्या सोयीनं बदलण्यापेक्षा हॅचरीचं वेळापत्रक माशाप्रमाणे बदललेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

एवढं जमत नसेल तर निदान सोडताना फाटक उघडून ठेवा आणि ज्यांना जायचंय त्यांना आपणहून जाऊ द्या. मुदत संपल्यावर मागे राहिलेल्यांना नदीत ढकलू नका. नदीशी न जोडलेल्या तळ्यात सोडा, तिथे गळवाल्यांना ते चालतात.

एका पिढीनं काय बिघडतं, असं म्हणणं

ओरेगॉनमधल्या हूड नदीवर पॉवरडेल धरण होतं, २०१० साली ते काढलं. ते असताना वर जाणारा प्रत्येक स्टीलहेड तिथल्या सापळ्यात येई, आणि त्याचा नमुना घेऊनच त्याला पुढे सोडत. त्यामुळे कुणाचं पिल्लू कोण, हे जनुकांवरून जुळवता आलं. हितोशी आराकी, बेकी कूपर आणि मायकल ब्लोइन यांनी २००७ साली त्यातून दाखवलं की हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. २०१२ मध्ये त्याच नदीवरच्या पुढच्या अभ्यासात आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट निघाली: हॅचरीत ज्यांचं सर्वांत चांगलं जमलं, त्यांचीच पिल्लं नदीत सर्वांत कमी पडली.

यावर पूर्ण इलाज नाही, पण नुकसान कमी करता येतं. प्रजनक मोसमाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत थोडे-थोडे घ्या. मोठे आणि देखणे तेवढेच निवडू नका. अनेक नरांचं वीर्य एकाच भांड्यात मिसळू नका, त्यात एखादाच बाजी मारतो. दर मादीमागे वेगळा नर ठेवा. पहिल्या रकान्यात जितका जीव लावता, तितकाच तिसऱ्यात लावा: अंडी घालण्याच्या जागी हॅचरीचे मासे कमी आणि प्रजनकांत नदीत जन्मलेले जास्त, हे प्रमाण सांभाळा.

गाडीतून आणलं आणि ओतलं

स्मोल्ट होताना पिल्लू पाण्याचा वास मनात साठवतं आणि त्याच वासावर परत येतं. झऱ्याच्या पाण्यात वाढलेलं पिल्लू टँकरमधून शेकडो किलोमीटर नेऊन थेट नदीत ओतलं, तर त्यानं कोणतं घर शोधावं? पिल्लं बार्जमधून धरणांखाली उतरवल्यावरही हा धागा तुटतो. स्नेक नदीचे हॅचरीतले कितीतरी स्टीलहेड परतताना वाटेतल्या डेशूट्स नदीच्या गार पाण्यात शिरले आणि तिथल्या स्थानिक माशांत मिसळले. काही आठवडे तरी त्या-त्या उपनदीच्या पाण्यावरच्या तळ्यात पिल्लं ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये बर्फाचं पाणी चढलं की तिथूनच जाऊ द्या.

पाण्यावरून एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. ज्या पाण्यातून मोठे मासे चढतात, तेच पाणी अंड्यांना आणि कोवळ्या पिल्लांना देऊ नका. आयएचएन हा पिल्लांना मारणारा विषाणू त्यातूनच येतो आणि टाक्याच्या टाक्या ओस पडतात. झरा, विहीर किंवा धरणामागचा जलाशय, जिथे समुद्रातून आलेले मासे पोचत नाहीत, तिथलं पाणी घ्या, आणि अंडी आयोडीनच्या द्रावणातून काढा.

अंडी काढली की मादी संपली

पॅसिफिकचे बहुतेक सामन अंडी घालून मरतात, त्यामुळे हॅचरीत मादीचं पोट चिरून अंडी काढायची सवय पडली. स्टीलहेड मात्र अंडी घालून पुन्हा समुद्राकडे निघू शकतो. पूर्वी नदी मोकळी होती तेव्हा तो जात असे. आता आठ धरणं उतरून जाण्याचं त्राण त्या थकलेल्या देहात उरत नाही. पोटात हळूच हवा सोडून अंडी जिवंतपणी काढता येतात. याकिमा नदीवर प्रॉसर इथे याकामा जमातीचे लोक नदीतून खाली येणाऱ्या अशा माद्या पकडतात, मोठ्या गोल टाक्यांत ठेवतात, औषधपाणी करतात. सुरुवातीला त्या खात नाहीत. काही तशाच मरतात. ज्या खायला लागतात, त्यांची पाठ महिन्यांनी पुन्हा भरते, काळवंडलेली बाजू उजळते, आणि शरदात त्यांना याकिमामध्ये सोडतात, पुढच्या वसंतात आपल्या आपण अंडी घालायला.