खड्याची किंमत कशावरून ठरते आणि ती आपली आपण कशी तपासायची

माणिक म्हटलं की महाग, नीलम म्हटलं की महाग, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण नुसत्या नावाला काही किंमत नसते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन माणिक, दोन्ही खाणीतून निघालेले, दोन्ही दोन-दोन कॅरेटचे, लांबून बघितले तर दोन्ही लाल, आणि तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या शंभरपट असू शकते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. मग मिळेल तिथे खडे हातात घेऊन बघत गेले आणि हळूहळू लक्षात आलं की प्रश्न तर सगळेच विचारतात, पण क्रम चुकतो. लोक आधी वजन विचारतात, मग खाण कुठली ते विचारतात, आणि जे सगळ्यात आधी विचारायला हवं ते राहूनच जातं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. हे सगळं रंगीत खड्यांबद्दल आहे हं, हिऱ्याचं गणित वेगळं असतं.

तयारी फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, एक चिमटा, कोरा पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड. खडा शक्यतो सुटा बघा. कोंदणात मागून बंद केलेला असेल तर खाली चकचकीत पत्रा घालून रंग वाढवलेला असू शकतो आणि ते वरून कळत नाही.

पायरी १: हा खडा नक्की कोणता आणि खाणीतला की कारखान्यातला

ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात एक मोठा लाल खडा आहे, 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' म्हणून शेकडो वर्षं ओळखला जाणारा, आणि तो माणिक नाहीच, स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे. राजेलोकांचं असं झालं तर आपण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये एवढंच. माणिक आणि नीलम हे खरं तर एकच खनिज, कोरंडम. त्यात क्रोमियम असेल तर लाल, लोह आणि टायटॅनियम असेल तर निळा.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. १९०२ मध्ये व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत पावडर वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून कारखान्यात बनलेले माणिक, आणि पुढे नीलमही, बाजारात आहेत. ते काच नसतात, रसायन तेच, कडकपणा तोच, त्यामुळे घासून-बिसून काही कळत नाही. भिंगातून बघताना आत वाढीच्या रेषा दिसल्या तर त्या सरळ किंवा कोनात आहेत की वक्र ते बघा. वक्र रेषा आणि त्याबरोबर गोल बुडबुडे म्हणजे ज्योतीत बनवलेला खडा. आणि मोठा, गडद लाल, आत एकही खूण नसलेला माणिक स्वस्तात मिळत असेल तर तिथेच थांबा.

पायरी २: त्याच्यावर काय काय केलंय

हा प्रश्नही बहुतेकदा राहून जातो. बाजारातले बहुतेक माणिक आणि नीलम तापवलेले असतात. खूप उष्णता दिली की आतल्या रूटाइल नावाच्या खनिजाच्या बारीक सुया, ज्याला रेशीम म्हणतात, त्या विरघळतात, खडा स्वच्छ होतो आणि रंग सुधारतो. हा बदल कायमचा असतो आणि व्यापारात त्याला मान्यता आहे, यात फसवणूक काही नाही, फक्त सांगितलं गेलं पाहिजे. पण तेवढाच चांगला खडा न तापवता तसा असेल तर तो फार दुर्मिळ, आणि किंमत कितीतरी वर जाते.

खरी काळजी घ्यायची ती काच भरलेल्या माणकांची. भेगांनी भरलेला, एरवी टाकून दिला असता असा कच्चा माल घेतात, त्यात शिसं असलेली काच वितळवून भरतात आणि खडा एकदम नितळ दिसायला लागतो. भिंगाखाली हलवून बघा, भेगांच्या जागी निळसर झळक येते आणि आत चपटे बुडबुडे दिसतात. ही काच लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होते आणि सोनाराच्या ज्योतीपुढे तर टिकतच नाही. अशा खड्याला माणकाचा भाव देणं म्हणजे शुद्ध नुकसान.

पाचूचं वेगळं. पाचूत भेगा असतातच, म्हणून त्यात तेल किंवा रेझिन मुरवतात. लॅब रिपोर्टवर ते अजिबात नाही, किंचित, मध्यम की भरपूर असं लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दावर किंमत हलते. तेल वाळलं की भेगा परत दिसायला लागतात, म्हणून पाचू अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला कधी देऊ नका.

पायरी ३: रंग

इथे वेळ घाला, कारण पहिल्या दोन पायऱ्या पार केल्यावर निम्म्याहून जास्त किंमत मला तरी इथेच दिसते. रंगाचे तीन भाग करून बघायचे. एक, मूळ रंग कोणता आणि त्यात दुसरी छटा किती, म्हणजे लाल आहे की लाल-नारिंगी, निळा आहे की निळा-हिरवा. दोन, किती गडद. तीन, किती तेजदार, म्हणजे रंगात राखाडी किंवा तपकिरी मळ आहे का. गडद म्हणजे भारी हा गैरसमज फार आहे. मध्यम ते मध्यम-गडद आणि भरपूर तेज, ही जागा सगळ्यात महाग, त्याच्यापुढे खडा काळवंडतो.

उजेड बदलून बघाच. पिवळ्या दिव्यात माणिक खुलतो, पांढऱ्या उजेडात नीलम. मी एकदा प्रखर पांढऱ्या दिव्याखाली एक नीलम बघितला, इतका सुंदर निळा की हातातून ठेववेना, खिडकीपाशी नेला तर शाईच्या थेंबासारखा काळा. तोच खडा, दहा पावलांचं अंतर.

मग खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा आणि बाजूने बघा. दुसऱ्या एका नीलममध्ये मला असं दिसलं की जवळजवळ सगळा खडा पाण्यासारखा रंगहीन, आणि फक्त खालच्या टोकाशी निळ्या रंगाचा एक ठिपका. पैलू पाडणाऱ्याने तो ठिपका बरोबर टोकाशी आणला होता, त्यामुळे वरून बघितलं की सगळा खडा निळा भरल्यासारखा दिसायचा. ही कारागिरीच आहे आणि मला तिचं कौतुकच वाटतं, पण असा खडा उद्या टवका उडाला म्हणून परत घासायला दिला तर रंगच जाईल, तेव्हा भाव करताना हे माहीत पाहिजे.

पायरी ४: आतली स्वच्छता

रंगीत खड्यात थोड्या खुणा असणारच, आणि प्रत्येक जातीची अपेक्षा वेगळी. अक्वामरीन हा फिकट निळा खडा नितळच हवा, माणिक-नीलममध्ये थोडं चालतं, पाचूत तर आतल्या गुंत्याला बागच म्हणतात. नुसत्या डोळ्यांना वरून काय दिसतं ते महत्त्वाचं. पृष्ठभागापर्यंत आलेली भेग मात्र वाईट, तिथून खडा फुटू शकतो.

पायरी ५: पैलू

छापील कागदावर खडा सरळ ठेवा. मधून अक्षरं वाचता आली तर उजेड परत न येता आरपार निघून जातोय, मधोमध खिडकी उघडल्यासारखं फिकट दिसतं. उलट पोट खूप खोल असेल तर तुम्ही अशा वजनाचे पैसे देताय जे अंगठीत घातल्यावर कधी दिसणारच नाही. वजन वाचवायला असं मुद्दाम करतात.

पायरी ६: वजन

आता वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. भाव कॅरेटमागे असतो आणि खडा मोठा होत जातो तसा तो दरही चढतो, त्यामुळे दोन कॅरेटचा खडा एक कॅरेटच्या दुप्पट नाही, त्याहून बराच महाग. १, २, ३, ५ अशा आकड्यांवर दर उडी घेतो, म्हणून ०.९५ चा चांगला खडा मिळाला तर तो घ्यावा असं माझं मत, डोळ्याला फरक कळत नाही. आणि वजनावरून आकाराची तुलना करू नका, कोरंडमची घनता ४ च्या आसपास आणि पाचूची २.७, म्हणून एक कॅरेटचा पाचू एक कॅरेटच्या माणकापेक्षा मोठा दिसतो.

पायरी ७: खाण कुठली

म्यानमारच्या मोगोकचे माणिक, काश्मीरचे नीलम, कोलंबियाचे पाचू, या नावांना जास्त पैसे मिळतात हे खरं आहे. एक उदाहरण घ्या. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 'सनराइज रुबी' हा २५.५९ कॅरेटचा म्यानमारचा माणिक सुमारे ३ कोटी डॉलरला गेला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला 'एस्ट्रेला दे फुरा' हा मोझांबिकचा ५५.२२ कॅरेटचा माणिक ३.४८ कोटी डॉलरला गेला. दोन्ही न तापवलेले. दुसऱ्याचं वजन दुपटीहून जास्त, पण कॅरेटचा हिशोब केला तर पहिल्याला जवळजवळ १२ लाख डॉलर आणि दुसऱ्याला ६ लाखांच्या थोडं वर पडतात. सगळाच फरक खाणीचा नाही, रंगाचाही आहे, पण खाणीचा वाटा मोठा. मात्र हे वरच्या दर्जाच्या खड्यांना लागू. मळकट रंगाचा, भेगाळलेला मोगोकचा माणिक नुसत्या गावाच्या नावावर घेऊ नका.

शेवटी स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट, विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं कार्ड नाही. जीआयए, गुबेलिन, एसएसईएफ ही जगभर मानली जाणारी नावं. रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघा, मग खड्याचं वजन करा आणि लांबी-रुंदी-खोली मिलिमीटरमध्ये मोजून रिपोर्टशी जुळवा, कारण खऱ्या रिपोर्टबरोबर दुसराच खडा देणं हा प्रकारही चालतो. वजनात दोन-तीन सेंटचा जरी फरक आला तरी त्या रिपोर्टच्या भरवशावर पैसे देऊ नका.