तेलातल्या गिअरचं घर्षण आणि झीज कशी मोजायची

आख्खा गिअरबॉक्स चालवून टॉर्क मोजला तर बेअरिंग, सील, तेल घुसळण्यात जाणारी पॉवर सगळं एकत्र येतं आणि दातांचं घर्षण त्यात हरवतं. त्यामुळे सुरुवात ट्विन डिस्क मशीनवर करा, यात स्टीलच्या दोन डिस्क एकमेकींवर दाबून वेगवेगळ्या स्पीडने फिरवतात.

आधी घसरण ठरवा. दात पिच पॉइंटवर, म्हणजे दाताच्या उंचीच्या साधारण मधल्या जागी, नुसते लोळतात, टोकाकडे आणि मुळाकडे जाल तशी घसरण वाढत जाते. एका डिस्कचा कडेचा वेग सेकंदाला 3 मीटर आणि दुसरीचा 2 असेल तर फरक 1, सरासरी 2.5, म्हणजे घसरण 40 टक्के. एकाच घसरणीवर टेस्ट करून तेलाला चांगलं-वाईट ठरवणं मला तरी पटत नाही, चार-पाच ठिकाणी रीडिंग घ्याच.

डिस्कचं स्टील, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग खऱ्या गिअरसारखंच हवं. खडबडीतपणा प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचे चढउतार मोजणारं यंत्र) आधीच मोजा, कारण एकदा डिस्क फिरली की मूळ पृष्ठभाग गेला. तेलाच्या थराची जाडी भागिले दोन्हींचा एकत्रित खडबडीतपणा, हा आकडा 1 च्या खाली असेल तर धातूला धातू घासतोय, 3 च्या वर असेल तर थर बहुतेक पूर्ण आहे.

मग डिस्क सॉल्व्हंटमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरने धुवा, वाळवा, वजन करा.

तेल ठरलेल्या तापमानाला आलं की थोडा वेळ कमी लोडवर रन-इन करा, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना सरावेपर्यंत नुसतं चालवा, आणि मग घर्षण मोजा. इथे एक युक्ती आहे, रीडिंग झालं की वेगांची अदलाबदल करायची, जलद डिस्क हळू आणि हळू डिस्क जलद, त्याने घर्षणाची दिशा उलटते पण सेन्सरचा ऑफसेट (शून्यातली कायमची चूक) तसाच राहतो, दोन रीडिंगच्या फरकाचं अर्धं म्हणजे खरं घर्षण. त्याला लोडने भागलं की गुणांक मिळाला. चांगला थर असेल तर तो साधारण 0.05 च्या आसपास दिसतो. स्पीड वरून खाली आणा, कमी स्पीडपासून सुरुवात केली तर थर पातळ होऊन झीज सुरू होते आणि पुढची रीडिंग बिघडतात.

झिजेसाठी परत धुऊन वजन. 80 मिमी व्यासाच्या डिस्कवर 10 मिमी रुंद पट्टा अर्धा मायक्रॉन झिजला तर जेमतेम 10 मिलिग्रॅम कमी होतात, तेव्हा उरलेलं तेलसुद्धा आकडा फिरवतं. म्हणून वजनासोबत पट्ट्याचा आडवा प्रोफाइल घ्या आणि मायक्रोस्कोपखाली बघा, खड्डे पडलेत म्हणजे पिटिंग, घसरणीच्या दिशेने ओरखडून फाटल्यासारखं दिसतंय म्हणजे स्कफिंग. खरा गिअर बाहेर काढता येत नसेल तर दाताचा सिलिकॉन रबरचा ठसा घेऊन तोच मोजा.