रानपिंगळा पाहायचाय? उजेडातच जा

1997मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा (जंगलातलं एक लहान घुबड) दिवसा शिकार करतो, त्यामुळे रात्रीची बॅटरी घरीच ठेवा. मेळघाट किंवा तानसाच्या सागाच्या जंगलात जानेवारी-फेब्रुवारीत जा. तेव्हा पानगळ होऊन फांद्या उघड्या पडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात निष्पर्ण शेंडे दुर्बिणीने सावकाश चाळा.

फसगत होते ती साध्या पिंगळ्यामुळे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ ठिपक्यांविना, छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. शेपूट झटकण्याची सवयही पाहून ठेवा.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हा त्याचा विणीचा हंगाम असतो. प्रतिस्पर्धी आला समजून तो घरटं सोडून धावतो. फोटो मिळेलही, पण पिल्लं उघड्यावर पडतात.