दिवाळी ते तुळशीचं लग्न: परड्यातली कामं

दिवाळीचा फराळ संपत आला की बेळगाव भागात सुगी सुरू होते. शिवारात भाताची कापणी, मळणी, आणि त्या गडबडीत घरामागचं परडं तसंच पडून राहतं. मी मात्र हे पंधरा दिवस हातचे जाऊ देत नाही. चार महिने पावसानं माती धोपटलेली असते, वर घट्ट पापुद्रा धरलेला असतो. त्याच्या खाली अजून ओल आहे. ती ओल राखली तर पुढं उन्हाळ्यापर्यंत झाडं तरतरीत राहतात.

म्हणून पहिलं काम खुरप्याचं. खुरपं आडवं धरून बोटभरच खोल माती हलवायची, जास्त खोल गेलात तर मुळं दुखावतात. पापुद्रा सुटला की खालची गार, काळसर माती दिसते. मूठभर घेऊन आवळा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर अलगद फुटला, तर पाण्याची घाई करू नका. आमचं घर वडगावात, माती काळी. ती वाळली की भेगा पडतात आणि भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात, म्हणून भेग दिसायच्या आधीच वरचा थर मोकळा करते. माझं माहेर खानापूरकडं, तिथली माती तांबडी. तिथं पाणीच थांबत नाही, त्यामुळं भावाला मी दरवर्षी सांगते, मोठ्या झाडामागं एक बुट्टी तरी कुजलेलं शेणखत घाल.

माती हलवून झाली की लगेच झाका. सुगीत पिंजार, म्हणजे भाताचा वाळका पेंढा मिळतो, तो आधी नीट झटकून घ्या, नाहीतर राहिलेलं भात वाफ्यात उगवतं. चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटलं की वाळवी चढते.

आता पेरणी. मेथी, मुळा, लाल भाजी सरळ वाफ्यात टाका. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून सगळी एकदम न पेरता आठ-आठ दिवसांनी एकेक पट्टा पेरते. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे. उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेवढा धीर धरा. लसणाच्या मोठ्या पाकळ्या निवडून टोक वर करून चार-चार बोटांवर लावा. मटारचं बी जागेवरच लावा, रोप उपटून लावलेलं त्याला सोसत नाही. कोबी आणि नवलकोलाचं रोप चार-पाच पानांचं झालं की संध्याकाळी लावायचं, दुपारच्या उन्हात नको.

पाणी मात्र सकाळी, आणि बुडाशीच. रात्री दव पडतंच, त्यात संध्याकाळी पानं भिजवली की ती रात्रभर ओली राहतात आणि रोग धरतात. मटाराच्या पानावर पांढरी भुकटी दिसली तर आंबट ताक गाळून, दहापट पाण्यात मिसळून फवारते. पहिल्या डागालाच केलं तर उपयोग होतो. वेल पांढरा झाल्यावर त्यात काही राम नाही.

गुलाब अजून छाटला नसेल तर याच आठवड्यात छाटा. फांदीवर जिथनं कोंब फुटतो तो डोळा; बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, तिरका काप. साधारण दीड महिन्यानं फुलं येतात.

सगळ्यांत जपून करायचं काम म्हणजे कुणाचं पाणी तोडायचं ते. एका वर्षी मी दारच्या कलमी आंब्याला नोव्हेंबरभर पाणी घातलं, हिरवागार राहावा म्हणून. त्यानं तांबूस कोवळी पालवी फोडली, आणि मोहराच्या वेळी मोहरच नाही. घरातल्या पोरांनी वर्षभर कैरी बघितली नाही, ते मला फार लागलं. तेव्हापासून पाऊस गेला की मोठ्या आंब्याला पाणी बंद. फळं वाटाण्याएवढी झाली की परत सुरू. आंबा ताणावरच मोहरतो. लहान, दोन-तीन वर्षांच्या कलमाला मात्र हा नियम लावू नका, त्याला पाणी हवंच.

मोगऱ्याचंही तसंच. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी पानं मलूल झाली की गुडघ्याच्या खाली छाटा, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या पार काढा. मग आळं करून शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. उन्हाळ्याच्या तोंडाला जी फूट येते, तिच्यावरच कळ्या धरतात.

दिवाळीच्या तोरणातला झेंडू टाकू नका. गावठी झेंडूची पूर्ण वाळलेली फुलं कागदी पिशवीत ठेवा, पुढच्या पावसाळ्याला रोपं घरचीच होतात. नर्सरीतल्या संकरित झेंडूचं बी ठेवू नये, फुलं तशीच येत नाहीत.

आणि तुळस. लग्न लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या मंजिऱ्या खुडा, वाळलेल्या बाजूला ठेवा आणि हिरव्या मंजिऱ्या तुळशीच्याच बुडाशी टाका. बियाण्यात ताकद गेली नाही की झाड परत फुटतं. आमच्या वृंदावनातली तुळस अशीच चौथं वर्ष धरून आहे.