जेरिकोच्या रीतीने मनोरुग्णाचे व्यक्तिचित्र

फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोने १८२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मनोरुग्णांची दहा व्यक्तिचित्रे रंगवली असे मानतात. त्यांपैकी पाच १८६३ मध्ये पुन्हा उजेडात आली. त्यांत कुणी किंचाळत नाही की केस उपटत नाही. या रीतीचा सराव करताना नवखे नेमके इथेच फसतात: डोळे वटारतात, तोंड वाकडे करतात, आणि चित्राचे सोंग होते.

कॅनव्हास ६० × ५० सेंमी पुरे. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी तैलरंगाचा) हात फिरवून एक दिवस वाळू द्या. डोके आणि छातीच घ्या, हात चौकटीबाहेर ठेवा. प्रकाश एकाच बाजूने, किंचित वरून. समोर बसणाऱ्याला अभिनय करायला सांगू नका; कॅनव्हासच्या डावीकडे हातभर अंतरावर एक खूण करून तिकडे पाहायला सांगा. नजर आपल्याला भेटत नाही, यातच निम्मे काम होते.

या अंबरखेरीज यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा एवढेच रंग घ्या. टायटॅनियम व्हाइट नुसता लावला तर कातडी खडूसारखी दिसते, त्यात ऑकरचा कण मिसळा. आधी सावल्या पातळ, मग उजेडाचे भाग जाड. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त. उलटे केले तर तडे जातात.

डोळ्यांना सर्वांत जास्त वेळ द्या. जेरिकोच्या या पाचांपैकी फ्रान्समधल्या लियोंच्या संग्रहालयात असलेल्या चित्रात ‘मत्सराचा ध्यास’ असलेल्या म्हातारीच्या पापण्यांच्या कडा लालसर आहेत. तो लाल बुबुळाभोवती नाही, पापणीच्या ओल्या कडेवरच, अगदी बारीक ब्रशने द्यायचा. दोन्ही डोळ्यांत सारखाच चमकदार ठिपका ठेवलात तर नजर सावध, प्रसन्न होते. एकातला ठिपका मंद करा. कपाळाच्या आठ्याही दोन्हीकडे सारख्या नकोत.

टोपी, शाल, कोट रुंद ब्रशने भराभर उरका. तिथे बारकावे भरले की लक्ष चेहऱ्यावरून उडते.

गडद पार्श्वभूमीसाठी बिट्युमेन (डांबरी, काळपट तपकिरी रंग) वापरू नका. ते कधी पुरते वाळत नाही, वरचा थर सुरकुततो आणि चित्र काळवंडते. अंबर आणि काळा यांचे मिश्रण तीच खोली देते. वॉर्निशला मात्र सहा महिने तरी थांबा.